माळावरचे मुक्काम

मराठी भाषेने माळावर थोडा अन्यायच केला आहे. डोंगर म्हटला की तो उत्तुंग, रान म्हटले की ते गर्द. नदीला तर आपण आईच म्हणतो. पण माळ म्हटला की त्याच्यामागे ‘उजाड’, ‘ओसाड’, ‘भकास’ यांपैकी एखादे विशेषण आपोआप येऊन उभे राहते. सरकारी दप्तराने त्यावरही कडी केली. त्याने माळाला ‘पडीक’ ठरवून टाकले! विद्यार्थ्यांना विशेषणे शिकविण्यात ज्याची पंधरावीस वर्षे गेली, त्याने एखादे विशेषण तरी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासावे, एवढ्याच हेतूने गेल्या कार्तिकात आम्ही चौघे मित्र नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडे निघालो.

हल्ली आपल्याकडची हौशी मंडळी आफ्रिकेला जातात. जीपच्या टपावर तंबू, पाण्याचे डबे आणि शिधा लादून केनिया, टांझानिया, बोट्‌स्वाना या देशांतील गवताळ मुलखातून शेकडो मैल हिंडतात. रात्री उघड्यावर मुक्काम करतात आणि परतल्यावर आम्हांला चित्रे दाखवितात. चित्रांत असते काय? क्षितिजापर्यंत पसरलेले सोनेरी गवत, मध्येच एखादे काटेरी झाड आणि मान वर करून पाहणारा हरणांचा कळप. ती चित्रे पाहताना आमचे इतिहासाचे प्राध्यापक एकदा सहज म्हणाले, “अहो, हे तर मिरजगावच्या पुढे दिसते!”

वाचकहो, ही नुसती थट्टा नव्हे. आपल्या बाभळीच्या शास्त्रीय नावात नील नदी दडलेली आहे. हेच झाड आफ्रिकेतही उगवते. थंडीत आपल्या माळावर घिरट्या घालणारा मोंटेगूचा भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियातून येतो, आणि त्याचेच युरोपातले भाऊबंद त्याच वेळी आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात उतरतात. चित्त्याची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. काळवीट हे त्याचे आवडते भक्ष्य. पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याचा शौक कोल्हापूर दरबारात होता, आणि देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर तेथे आफ्रिकेतून चित्ते आणविले जात. १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आणले. म्हणजे आमच्या माळाचा एक धनी परत आणावयाचा, तर आफ्रिकेचेच दार ठोठवावे लागले.

नगरहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की मिरजगावनंतर मुलूख पसरट होत जातो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. अभयारण्याच्या बाहेरच एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या मोकळ्या रानात आम्ही तंबू ठोकला.

पहाटे धुके होते. हिवराच्या झाडाखाली बसून आम्ही वाट पाहू लागलो. टिटवी ओरडली. थोड्या वेळाने चंडोल वर चढला आणि तिथूनच गाऊ लागला. मग धुक्याचा पडदा सरावा तसा तो दिसला. पाठ काळीभोर, पोट पांढरे आणि डोक्यावर पिळदार शिंगे. आपल्या हद्दीच्या मध्यभागी मान ताठ करून तो उभा होता. पलीकडे पिंगट रंगाच्या दहाबारा माद्या चरत होत्या. कशाने तरी बिचकून एक मादी उडाली आणि तिच्यामागून सारा कळपच उड्या घेत निघाला. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत वेग गाठणारे हे जनावर; पण धावताना त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही, असा संशय यावा!

या अभयारण्याचे क्षेत्र किती? अवघे दोन चौरस किलोमीटर आणि थोडे वर. हे १९८० साली झाले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७९ मध्ये, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले होते. कागदावर ते एवढे मोठे होते की त्यात गावे, शेते, रस्ते सारे आले. पुढे ते कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले. आज माळढोक उरला आहे तो मुख्यतः राजस्थानात, आणि सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आतच. मोठ्या अभयारण्यातला पक्षी गेला, लहान अभयारण्यातले हरीण राहिले.

पण राहिले म्हणजे तरी कसे? हरणाला हद्द वाचता येत नाही. ते रात्री कोवळ्या ज्वारीत उतरते. ज्याच्या रानात आम्ही उतरलो होतो, तो शेतकरी म्हणाला, “हरीण गोड दिसतंय सर, पर आमची ज्वारी खातंय त्याचं काय?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, शीण होता. रात्र रात्र राखण करणाऱ्याला सौंदर्यशास्त्र सांगावयाचे कोणत्या तोंडाने? कुकडीच्या कालव्याचे पाणी आले तेथे ऊस आला. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसला त्याने पाणी नाकारावे, असे कोण म्हणेल? पण माळ मात्र तेवढा आक्रसला.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी शेजारच्या बाजरी काढलेल्या रानात एक धनगरवाडा येऊन उतरला. दोन घोड्यांवर बिऱ्हाड, डालग्यात कोकरे आणि कोंबड्या, मागे मेंढरांची खांड, बाजूने कुत्री. अर्ध्या तासात वाघूर लागली, मेंढरे आत गेली, तीन दगडांची चूल पेटली. आमचा तंबू उभारायला दोन तास लागले होते!

वाड्यातले वृद्ध मामा शेकायला आमच्याजवळ येऊन बसले. आमचा सरंजाम निरखून त्यांनी विचारले, “मास्तर, घरदार हाय न्हवं तुमाला?”

“आहे की मामा.”

“मग उघड्यावर झोपाया एवढा खर्च कशाला?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. आम्ही तीन रात्रींचे प्रवासी. ही माणसे दिवाळीनंतर निघतात ती पाऊस तोंडावर आला की परततात. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडचे वाडे तर घाट उतरून पार ठाणे जिल्ह्यापर्यंत जातात. वाटेतले शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा देतात. मुक्कामाच्या जागा वाडवडिलांपासून ठरलेल्या. याच जिल्ह्यात, जवळच्याच चोंडी गावी, एका धनगर घरात १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या. त्यांच्याच नावाने आता जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात.

रात्री कुत्री एकदम उठली. मामांनी अंधारात नुसते पाहिले आणि म्हणाले, “लांडगा हाय.” आम्ही सावरून बसलो. मामा हसले. “त्यो बी वाड्याच्या मागनंच हिंडतोय. आमच्या आज्याच्या टायमापून त्याचा वाटा हाय. एखादं कोकरू नेतोय. पर मास्तर, त्यो न्हाई आला तर समजायचं, रान संपलं.”

मग त्यांनी सांगितले की अलीकडे अडचण लांडग्याची नाही, वाटेची आहे. जुन्या मुक्कामावर कुठे तारेचे कुंपण, कुठे प्लॉट, कुठे बारमाही ऊस. नातू शाळेत आहे. तो या वाटेने येणार नाही, आणि यावे असेही मामांना वाटत नव्हते. हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. चुलीपाशी कोणीतरी सुंबरान धरले आणि मामाही त्यात सूर मिळवू लागले. आम्ही पुस्तकातून शिकविलेल्या ओवीला एवढा मोकळा श्वास असतो, हे त्या रात्री कळले.

सकाळी वाडा निघून गेला होता. मागे लेंड्यांनी काळे झालेले चौकोनी रान, विझलेली चूल, आणि वाघुरीपासून थोड्या अंतरावर मऊ मातीत उमटलेली लांडग्याची पावले.

हरीण, लांडगा, भोवत्या आणि धनगर या चौघांनाही माळ लागतो तो तुकड्याने नव्हे, सलग. दोन चौरस किलोमीटर राखले म्हणजे हरीण तगते, पण त्याला जायला वाट राहत नाही. आणि ज्याला आपण ‘पडीक’ म्हणतो, ते कोणीही केव्हाही उचलावे, असे सर्वांनाच वाटू लागते. शेतकऱ्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळाली, वाड्यांच्या जुन्या वाटा मोकळ्या राहिल्या, तर हा संसार अजून चालू शकेल. त्यासाठी प्रथम तो एक शब्द दप्तरातून आणि आपल्या मनातून पुसला पाहिजे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वाडे निघण्याच्या तयारीत असतील. घाटरस्त्याला एखादी खांड आडवी आली, तर मोटारीचा भोंगा वाजवू नका. इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबा. महाराष्ट्रातला एक फार जुना प्रवास तुमच्या पुढ्यातून चालला आहे.