रेडिएटरचं पाणी

आमच्या आबानं उभ्या आयुष्यात एकही गाडी विकत घेतली नाही. गाडी सोडा, सायकलसुद्धा दुसऱ्याची. तरी आमच्या सगळ्या भावकीत गाडीचं वेड लागलेला माणूस एकच झाला, तो आबा.

हे लिहायला घेतलं तेव्हा अभ्यासवर्गातला एकजण म्हणाला, "कारबिरवर काय लिहितोस? तो शेठजींचा विषय. आपला विषय जात, भूक, अन्याय." मी रात्रपाळी करून आलो होतो. भांडायची ताकद नव्हती. म्हणून दोस्तांनो, आता इथं सांगतो.

आबा माणदेशातला. १९६१ साली, सतरा वर्षांचा असताना, मुंबईला आला. नात्यातल्या कुणाच्या तरी वळखीनं बिल्डिंगीखालच्या गाड्या पुसायचं काम लागलं. पहाटे चारला बादली आणि फडकं घेऊन हजर. बाहेरून पुसायचं, आत बसायचं नाही. एका बाईनं आबाचं आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सीट झाडायला वेगळा माणूस ठेवला. बाहेरचा पत्रा मात्र आबाच्या हातानं चालायचा. पत्र्याला विटाळ नसावा. त्याच पत्र्यावर आबा इंग्रजी अक्षरं शिकला. एफ, आय, ए, टी. रात्रशाळा पुढं आली, पहिली पाटी म्हणजे बॉनेट.

मग ऑपेरा हाऊसकडच्या एका गल्लीत गॅरेजला हेल्पर. पाना दे, जॅक लाव, चहा आण. मिस्त्री काही शिकवायचा नाही, तेव्हा आबा कानानं शिकला. टॅपेटचा आवाज वेगळा, बेअरिंगचा वेगळा. "गाडी बोलती रं, मानसंच ऐकत न्हाईत," असं म्हणायचा. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. एवढ्या गदारोळात कुठली बाजू बिघडलीय ते मला आवाजावरून कळतं. सुपरवायझर विचारतो, कुठं शिकलास? काय सांगू त्याला?

लायसन निघालं, बिल्ला मिळाला, आणि आबा टॅक्सीवर गेला. परमिट दुसऱ्याचं, गाडी दुसऱ्याची. मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यायचे, पेट्रोल आपलं, उरेल ते घरी. पण फियाटबद्दल बोलायला लागला की हा माणूस मालकासारखा बोलायचा. एक हजार एकोणनव्वद सीसी, चार सिलिंडर. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळं पुढं सलग बाक. आबाला ते बाक फार आवडायचं. कुणीही येऊन डायवरच्या खांद्याला खांदा लावून बसायचा, आणि घाईत असलेला माणूस जात विचारत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलिंडर. आबा म्हणाला, "तीन चुलींवर गावजेवान व्हतंय व्हय?" मारुतीनं पुढं सगळा देश जेवू घातला, पण म्हातारा हटला नाही. टॅक्स्या सीएनजीवर आल्या, डिकीत सिलिंडर बसला, पॅसेंजरचं सामान टपावर गेलं. त्याचाही त्याला राग. डिकी ही सामानाची जागा, तिथं टाकी कशाला?

आता १९७७ ची गोष्ट. आमच्याकडं ती भाकरीबरोबर वाढली जायची.

गावात लग्न होतं. आबानं मालकाची खाजगी फियाट मागून घेतली आणि बायको-पोरांना घालून मुंबईहून गावाकडं निघाला. माझा बाप तेव्हा सात वर्षांचा, मागच्या सीटवर. वैशाखाचं ऊन. वेशीजवळ आल्यावर बॉनेटमधून वाफा निघायला लागल्या. समोरच गावची विहीर. त्या विहिरीवर आमच्या माणसांनी पाऊल ठेवायचं नव्हतं. महाडला चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली हाती घेतलं होतं. मध्ये पन्नास वर्षं गेली होती, आमच्या विहिरीपर्यंत बातमी पोचायची होती.

गाडी बघून माणसं गोळा झाली. आबाला ओळखलं तेव्हा तोंडं बदलली, पण गाडीवरची नजर हटेना. आबा म्हणाला, "गाडी तापलीया. पानी पायजे." एकानं कळशी भरून आणली. आबानं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि कळशीला हात पुढं केला. तो माणूस मागं सरला. "तू सर बाजूला. मीच वततो." आणि त्यानं वरून, लांबून, बारीक धार धरली. कळशी रेडिएटरला लागू दिली नाही. आपल्या माणसांच्या ओंजळीत वततात, अगदी तशी.

आबा शेजारी उभा राहून सांगत होता, "हळू. इंजिन चालू हाय, हळूहळू वत. येकदम वतलं तर तडा जाईल." आणि तो माणूस निमूट ऐकत होता. गावातल्या माणसानं आबाचं ऐकून हात हळू केला, असं त्याआधी घडलं नव्हतं.

आबा ही गोष्ट सांगून हसायचा. "रेडिएटर बी आपल्यातलाच निघाला की!" बाप हसत नाही. त्यानं तेव्हा पाणी मागितलं होतं. त्याला म्हणाले, तुमच्या वाड्यात जाऊन पी. गाडीला दोन कळश्या मिळाल्या, पोराला घोटभर नाही. बापानं पुढं गाडीला कधी हात लावला नाही. दोघांचंही मला पटतं.

आता त्या अभ्यासवर्गातल्या मित्रासाठी. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलेला चाळीसगावचा प्रसंग तुम्ही वाचलाय. १९२९ साल. टांगा भाड्यानं मिळाला, पण अस्पृश्याला बसवून हाकायला टांगेवाला तयार नाही. साहेबांना चालत न्यायचं बरं दिसेना, म्हणून वस्तीतल्याच एकानं लगाम धरला. त्याला हाकता येत नव्हतं. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. आपण हा प्रसंग टांगेवाल्यावर चिडून वाचतो. चिडलंच पाहिजे. आबा मात्र दरवेळी त्या दुसऱ्या माणसाचं काढायचा. "त्यानं जीव लावून लगाम धरला रं. पर त्येला कुनी शिकू दिलं हुतं का?" आबाला गाड्यांचं वेड कशामुळं लागलं हे त्याला आम्ही कधी विचारलं नाही. पण हे वाक्य बोलताना त्याचे हात मांडीवर स्टिअरिंग धरल्यागत व्हायचे.

घोड्यावर बसला म्हणून नवरदेवाला मारल्याच्या बातम्या अजून येतात. मग वाहन हा विषय आपला नाही तर कुणाचा?

म्हातारपणी आबा गावी आला तो कुर्ल्याच्या भंगारातून आणलेलं फियाटचं स्टिअरिंग आणि एक शंभरपानी वही घेऊन. वहीत कारबोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, क्लच यांची चित्रं, खाली स्वतःच्या भाषेत सूचना. स्टिअरिंग खिळ्याला टांगलं. चुलती म्हणायची, भंगारवाल्याला द्या. आबा ते काढून माझ्या बहिणीच्या हातात द्यायचा, पिठाच्या डब्यावर तिला बसवायचा आणि समोरून म्हैस आल्याचं सांगायचा. पोरगी ब्रेक दाबायची, डबा वाजायचा.

२०२३ च्या पावसाळ्यात आबा गेला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली, वीस वर्षांची मुदत संपली. मी ती बातमी सुट्टीत कँटीनला मोबाईलवर वाचली. चहा निवला.

बहीण आता इचलकरंजीत सुताच्या कोनांचा छोटा टेम्पो चालवते. परवा तिचा फोन आला. चढावर जळका वास येतोय, काय करू? मला सूत कळतं, क्लच कळत नाही. म्हटलं, थांब, वही काढतो. क्लचच्या चित्राखाली आबानं लिहिलं होतं, "कलचवर पाय ठिवून फिरनारा डायवर आळशी." तसंच वाचून दाखवलं. तिनं मेलेल्या म्हाताऱ्याला एक शिवी दिली आणि फोन ठेवला.