पिकअपमधला बंब

माझ्याकडे एक पिकअप आहे. हौदा साडेआठ फुटांचा, वर लोखंडी कमानी आणि त्यावर ताडपत्री. अंजीर, सीताफळ, वाटाणा, खताच्या गोण्या, एकदा तर शेजाऱ्याची व्यालेली म्हैस, सगळं तिनं वाहिलंय. या गाडीत गाद्या टाकून कोकणात जायचं, चार दिवस गाडीतच राहायचं आणि समुद्रावर गळ टाकून मासे धरायचे, असा बेत गेली सात वर्षं शिजतोय. शिजतोय पुण्यात, कसबा पेठेत, तांबट आळीतल्या एका कारखान्यात. कारखाना म्हणजे बारा बाय पंधराची खोली, एक भट्टी, एक ऐरण आणि माझा मित्र.

तुम्ही म्हणाल, पुरंदरच्या अंजीरवाल्याला तांबट मित्र कुठून भेटला? तर तो दुष्काळानं दिला. १९७२ ला आमच्याकडं विहिरींनी तळ गाठला. आई-वडील रोजगार हमीच्या खडीवर गेले आणि मला आत्याकडं पाठवलं. आत्या कसब्यात कुंभारवेशीकडं एका वाड्यात खोली घेऊन राहायची. फुवा खडकीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. खोलीच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पिवळट रेघ होती. चुना दिला तरी ती परत उमटायची. पानशेत फुटलं त्या दिवसाच्या, १२ जुलै १९६१ च्या पाण्याची ती रेघ. आमच्या गावात प्यायला पाणी नाही आणि इथं भिंतीला पाण्याची खूण, हे तेरा वर्षांच्या मला फार चमत्कारिक वाटायचं.

तांबट आळीत माणसाचे पाय नंतर जातात, कान आधी जातात. सकाळी सातपासून ठोक सुरू. एकाची हातोडी थांबली की दुसऱ्याची सुरू व्हायची. त्यातच शाळा सुटल्यावर बापाच्या शेजारी बसून लहान हातोडी मारणारा एक पोरगा होता. माझ्याच वर्गात निघाला. मी त्याला ठोक्या म्हणायचो, तो मला अंजीर. आज दोघंही सहासष्टचे आहोत, नातवंडं आहेत, पण नावं तीच.

आम्ही दोघं मुठेवर गळ टाकायचो. बांबूची काडी, दोरा, वाकवलेली टाचणी आणि गांडूळ. नदी तेव्हाही काही गंगाजळ नव्हती, पण पावसाळा सरला की मासा मिळायचा. शिवडा मिळायचा, कधी मरळ. एकदा वांब लागली, तर साप समजून ठोक्यानं काडीसकट नदीत टाकून दिली. आत्याच्या वाड्यात मासळी चालायची नाही, म्हणून काठावरच तीन दगड मांडून भाजायची. मीठ मी खिशात न्यायचो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्या पहिल्या तुकडीत, १९७५ ला, आम्ही दोघं पास झालो. तो ऐरणीवर बसला, मी गावी बागेत गेलो. शिक्षण दोघांचंही तिथंच संपलं.

मुठेत आता गळ टाकला तर काय लागेल ते सांगायला नको. एकदा मी म्हटलं, "उजनीला जाऊ, चिलापी भरपूर." तो म्हणाला, "धरणाचं पाणी नको. तळ्यात टाकल्यासारखं वाटतं. वाहतं नाही तर खारं."

खाऱ्याचं खूळ त्याच्या डोक्यात जुनं. त्याचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कोकणातून पुण्यात आलेले. पेशव्यांना भांडी, नाणी, तोफांची कामं लागायची, म्हणून तांबट आणून कसब्यात वसवले. पेशवे तरी कुठले? बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. त्यांच्या मुलानं कसब्याला खेटून शनिवारवाडा बांधला, १७३२ ला वास्तुशांत केली. म्हणजे मालक कोकणातले, कारागीर कोकणातले, आणि ठोक्यानं मात्र साठी येईपर्यंत समुद्र पाहिला तो फक्त मुंबईत, लग्नाच्या वऱ्हाडात, चौपाटीवर, पंधरा मिनिटं.

बेताला खरं तोंड फुटलं ते बंबामुळं. श्रीवर्धनचे एक वाडीवाले गृहस्थ आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब घेऊन आळीत आले. नळीला भोक पडलेलं. आजकाल बंब दुरुस्त करून घेणारा माणूस भेटला की तांबटाला जावई आल्यासारखा आनंद होतो. ठोक्यानं नळी बदलली, डाग दिला, मठारून चकचकीत करून दिला आणि मजुरी घेताना म्हणाला, "तुमच्याकडं मासे गळानं मिळतात का हो?" गृहस्थ म्हणाले, "या की. गाडी माझ्या वाडीत लावा. विहीर आहे, सावली आहे. खोलीही देतो." खोली नको म्हणाला हा. गाडीतच राहायचं.

गाडीत राहायची कल्पना त्याच्या पोरानं डोक्यात घातली होती. पोरगा हिंजवडीला कंपनीत आहे. त्यानं मोबाइलवर दाखवलं, परदेशात लोक मोटारीतच पलंग, शेगडी, मोरी करून समुद्रकाठी महिना महिना राहतात. आपल्याकडंही निघाल्यात म्हणे तशा गाड्या, २०२१ ला सरकारनं त्याचं धोरणसुद्धा काढलं. भाड्याचा आकडा ऐकून ठोक्या म्हणाला, "एवढ्यात तर अंजीरची पिकअप विकत येईल."

तेव्हापासून दर फाल्गुनात आमची बैठक बसते. मी पहाटे दिवेघाट उतरून मार्केट यार्डात अंजिराच्या पाट्या उतरवतो, गाडी नदीकाठी लावतो आणि सातच्या चहाला आळीत. कॅलेंडर भिंतीवरून उतरतं. वाडीवाल्यांनी भरतीचं गणित शिकवलंय, ते इतकं सोपं आहे की बागायतदारालाही यावं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. पुनव-अवसेला उधाण, पाणी फार चढतं, फार ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी शांत. नवशिक्यांनी भांगाला यावं असं त्यांचं मत. गणेश पेठेच्या मासळी बाजारातली आमची ओळखीची मावशी म्हणते, उधाणाला या, मासा आत शिरतो. मी मावशीच्या बाजूचा, ठोक्या वाडीवाल्यांच्या. तीन वर्षं यावर भांडलो. शेवटी अष्टमी ठरली, कारण भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. झोप मोडत नाही, ऊन लागत नाही.

अडचण तिथीची नाहीच. अडचण अंजिराची आहे. आमचा मीठा बहार फेब्रुवारीत सुरू होतो तो पार मे उजाडेपर्यंत. अंजीर हे फळ मालकाला सुट्टी देत नाही. पेरू दोन दिवस थांबेल, सीताफळ एक दिवस थांबेल. अंजीर आज तोडलं नाही तर उद्या झाडावरच फुटतं, मग माश्या आणि पाखरं. तोडताना देठाचा चीक बोटांना लागून कातडं सोलतं, म्हणून मजूरही टिकत नाहीत. तोडणी, पाट्या भरणं, रात्री दोनला उठून गाडी काढणं, हे सगळं मी आणि थोरला करतो. गाडी एकच. ती कोकणात गेली तर माल कशात जायचा? आणि समुद्र तर जूननंतर बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीच असते आणि पावसात आमच्यासारख्यांनी खडकावर उभं राहणं म्हणजे घरच्यांना कामाला लावणं. म्हणजे समुद्राचे चांगले दिवस आणि अंजिराचे चांगले दिवस एकच.

आता जे सांगायचंय ते सांगतो. २०१९ ला सगळं ठरलं होतं. ठोक्यानं गाद्या शिवून घेतल्या, वाडीवाल्यांना फोन केला, तंगूस आणली. निघायच्या आदल्या दिवशी मी फोन करून सांगितलं, गाडीचं क्लचप्लेट गेलं, गॅरेजवाला आठ दिवस म्हणतोय. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. त्या आठवड्यात पाटीला कधी नव्हे तो भाव लागला होता आणि मला तो सोडवेना. थोरल्याच्या ट्रॅक्टरचा हप्ता होता, हेही खरं. पण मित्राला भाव सांगितला असता तर तो जा म्हणाला असता, हेही तितकंच खरं. मी खोटं का बोललो ते मलाच कळत नाही. बहुतेक लाज वाटली. चार पैशांसाठी माघार घेतली असं दिसू नये म्हणून गाडी मोडली.

पुढच्या वर्षी भरपाई करायची ठरवली. २०२० ला पाडव्यानंतरची अष्टमी धरली. पाडव्याच्या आदल्या रात्री देश बंद झाला. माझे अंजीर झाडावर वाळले, त्याचा कारखाना बंद. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनची वाडी झोपली. वाडीवाले फोनवर म्हणाले, "रोठ्याची झाडं होती, पणजोबांनी लावलेल्यांच्या जागी आजोबांनी, आजोबांच्या जागी आम्ही. सकाळी उभी होती, संध्याकाळी मोजायला काही राहिलं नाही. तुम्ही या मात्र. आता सावली नाही, गाडी कुठंही लावा." फळबाग गेलेल्या माणसाशी काय बोलावं हे मला माहीत असायला हवं होतं. मी नुसता हूं हूं करत राहिलो.

मग एकेक. एक वर्ष वहिनींच्या आजारपणात गेलं आणि त्या गेल्याच. एक वर्ष अवकाळीनं आमचा बहार झोडपला. आणि मग ठोक्याचे कान. पन्नास वर्षं तांब्यावर हातोडी मारल्यावर दुसरं काय व्हायचं! डावा पूर्ण गेला, उजव्यात थोडं आहे. मशीन आणलंय, ते डबीत असतं. म्हणतो, त्यात माणसं ऐकू येत नाहीत, रिक्षा ऐकू येतात. आता आळीच्या खालून मेट्रो जाते, वाडा पाडून इमारत करायची बोलणी चालली आहेत. कारखाना किती दिवस राहील सांगता येत नाही.

यंदा जानेवारीत गेलो तर हा ऐरणीवर. मला वाटलं गिऱ्हाइकाचं काम. "आपलंच आहे," म्हणाला. दहा लिटरचा बंब. मधे निखाऱ्याची नळी, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी, बाजूला पितळी तोटी. पिकअपमध्ये न्यायला! मी म्हटलं, "अरे, ताडपत्री पेट घेईल." म्हणाला, "पेटवायचा बाहेर. समुद्रातून आल्यावर अंगाला मीठ असतं, गोड्या गरम पाण्यानं धुवायला लागतं. परदेशातल्या गाडीत असतो का असला?" नसावा. मठारकाम असं केलंय की ठोका ठोक्याला लागून, एक कमी नाही एक जास्त नाही. ऐकू येत नाही आणि हात असा चालतो. मी तसं खुणेनं विचारलं, तर म्हणाला, "ठोका कानाला कधीच कळत नव्हता. मनगटाला कळतो. मासा लागला की तंगूस पण तिथंच सांगणार."

तो बंब बघून मला राहवेना. क्लचप्लेटचं सांगून टाकायचं ठरवलं. हळू आवाजात सुरुवात केली.

"काय?" तो म्हणाला.

जरा मोठ्यानं सांगितलं.

"ऐकू येत नाय. नीट बोल."

आता सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी तांबट आळीत उभा राहून ओरडून सांगतोय, "एकोणीस साली गाडी बिघडली नव्हती! मी खोटं बोललो होतो!" समोरचा कल्हईवाला बाहेर आला. वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. सूनबाई चहा घेऊन दारात थांबली.

ठोक्यानं हातोडी खाली ठेवली. "ते होय," म्हणाला. "पोरानं बघितली होती तुझी गाडी. शुक्रवारी, मार्केट यार्डात. हौद्यात पाट्याच पाट्या."

"मग बोलला का नाहीस?"

"काय?"

"बोलला का नाहीस!"

"भाव काय मिळाला होता?"

मी सांगितला. त्यानं मान डोलावली. "बरा होता," म्हणाला आणि चहा घेतला. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. माफ केलं म्हणावं तर तसंही नाही. चहाचा कप त्यानं नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवला, ते मला ऐकू आलं, त्याला आलं नसेल.

घरी येऊन थोरल्याला सांगितलं, फाल्गुन वद्य अष्टमी, २२ मार्च, शनिवार. आदल्या दिवशी मी जाणार, मंगळवारी येणार. तो म्हणाला, "आबा, ऐन तोडणीत? गाडी न्याल, मग माल?" मी म्हटलं, भाड्याची गाडी बघ, पैसे मी देतो. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ दे की त्यांना. न्हाय गेले तर परत वर्षभर तेच ऐकायचंय." थोरला काही बोलला नाही, पण संध्याकाळी हौदा धुताना दिसला. जुन्या अंजिरांचा चिकट थर घासून काढत होता.

रस्ता पक्का आहे. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून विळे, निजामपूर, माणगाव, मग म्हसळा आणि श्रीवर्धन. पुढं केबिनमध्ये आम्ही दोघं. मागं प्रवासात कुणी बसायचं नाही, फक्त झोपायचं. दोन गाद्या, एक स्टोव्ह, तांदूळ, मसाला, पाण्याचे दोन कॅन, बॅटरी. एक दिवस जीवना बंदरावर नुसतं बघायचं, दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीत गळ टाकायचा, तिथं शिंगाळा आणि तांबोशी मिळते म्हणतात. आमिषाला कोळंबी तिथंच घ्यायची. वाडीवाल्यांसाठी मी अंजिराची एक पाटी नेतोय. त्यांनी नव्यानं लावलेली सुपारी आता गुडघ्याच्या वर आली आहे म्हणे.

काल रात्री ठोक्याच्या नातवाचा फोन आला. मागून ठोक्या त्याला सांगत होता आणि नातू मला. आजोबा विचारतात, शिशाच्या गोळ्या किती वजनाच्या ओतू? मी म्हटलं, खाडीला ओढ असते, छटाकाच्या ओत. नातवानं ते ओरडून सांगितलं. पलीकडून ठोक्याचा आवाज आला, "आणि क्लचप्लेट बघून घ्यायला सांग म्हणावं."