कॉम्प्युटर चालवणारे आणि कॉम्प्युटर उघडणारे

वस्तीतल्या पोरांनी कॉम्प्युटर ‘चालवायला’ शिकावे, असे सगळेच सांगतात. तो उघडून आत काय आहे ते पाहावे, असे फारसे कुणी म्हणत नाही.

आमच्या अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून आम्ही रास्पबेरी पाय ४ घेतला. एटीएम कार्डाएवढा उघडा बोर्ड. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि मंडळींनी २०१२ साली पहिला बोर्ड विकायला काढला, कारण कॉम्प्युटर शिकायला येणारी तिथली मुले कमी होत होती आणि येणाऱ्यांना यंत्राच्या पोटातले फारसे ठाऊक नसायचे. साहेबाच्या पोरांची ही गत, तर आपली काय सांगावी!

यात हार्ड डिस्क नसते. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रो एसडी कार्डावर बसवायची. दुकानदार जास्त पैसे घेऊन तयार कार्ड देत होता. वर म्हणाला, “तुम्हाला नाही जमायचं ते.” हे वाक्य आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले. कार्ड कोरेच घेतले.

आणि पहिल्या रविवारी सपशेल फसलो. सिस्टिमची फाईल उतरवली आणि मोबाईलवर गाणे टाकावे तशी कार्डावर टाकली. टीव्हीवर बोर्डाची माहिती देणाऱ्या इंग्रजी ओळी आल्या, पुढे काही नाही. फाईल नुसती ठेवून चालत नाही, ती कार्डावर उलगडून लिहावी लागते. त्यात कार्डाचे दोन भाग पडतात : सुरुवात करून देणारा छोटा आणि बाकी सगळे सांभाळणारा मोठा. हे काम ‘इमेजर’ करतो. बोर्ड कोणता, सिस्टिम कोणती, कार्ड कोणते ते सांगायचे. तो लिहितो आणि पुन्हा वाचून पडताळतो. कार्डावरचे जुने सगळे पुसले जाते, ते आधी काढून ठेवा. त्यासाठी लॅपटॉप उसना आणला. स्वस्त कॉम्प्युटर उभा करायला आम्हाला आधी दुसरा कॉम्प्युटर शोधावा लागला, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या रविवारी पडदा उजळला, पण कोपऱ्यात विजेचे चिन्ह येई. मोबाईलचा चार्जर कमी पडत होता. याला ५ व्होल्ट, ३ अँपियर लागतात. मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. लोहित देवनागरी फाँट बसवला तेव्हा अक्षरे आली.

एक जुने कार्यकर्ते चिडले. “पोरांना एमपीएससीचा अभ्यास करू द्या, हा कारागिरीचा नाद कशाला?” त्यांची काळजी खरी आहे. पण कष्ट आपले आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही वाटणी आम्हाला नवी नाही. परीक्षेच्या पुस्तकाशेजारी हा बोर्ड राहू शकतो.

परवा नववीतल्या एका मुलीने ते कार्ड मुद्दाम पुसले आणि पहिल्यापासून लिहिले. आम्ही चहा घेऊन परत आलो तर पडद्यावर नवे नाव.

“दादा, पासवर्ड मी बदललाय,” ती म्हणाली. “सांगू का नको?”