करंगळीवरची शाई

पूल बांधणाऱ्या इंजिनियरला आपला पूल दाखवता येतो. शिक्षकाला मोठ्या हुद्द्यावर गेलेला एखादा विद्यार्थी दाखवता येतो. डॉक्टरांचे तर विचारूच नका. त्यांनी बरी केलेली माणसे आपण होऊन पेढे घेऊन त्यांच्या दाराशी येतात. माझ्या नोकरीचे मात्र तसे नव्हते. मी आरोग्य खात्यात साहाय्यिका होते. मुलांना जे रोग होऊ शकतात ते होऊ नयेत म्हणून गावोगाव हिंडणाऱ्या सेविकांवर देखरेख ठेवायची, हे माझे काम. आता न झालेला रोग कुणाला कसा दाखवायचा? रस्त्याने उड्या मारत जाणाऱ्या एखाद्या पोराकडे बोट करून मी म्हणाले, "हा पाहा, याला पोलिओ झाला नाही," तर त्याची आई माझ्याच तोंडाकडे बघत राहील. "का म्हणून व्हावा?" असे ती विचारील, आणि तिचे विचारणे रास्तच असेल.

माझी बरीच वर्षे कोल्हारात गेली. नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी वसलेले हे गाव. कोल्हार आणि भगवतीपूर अशी त्याची जोडनावे. भगवतीपूर हे अर्थात भगवतीदेवीमुळे. रस्त्याचे गाव असल्यामुळे एस.टी.च्या थांब्यावर सदा गर्दी. इकडून नगर, तिकडून शिर्डी-मनमाड, लोणीवरून संगमनेर अशी माणसे येत-जात असतात. वर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा मुलूख हिरवा केला. पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस आला, ऊस आला म्हणून तोडणारे आले, आणि तोडणाऱ्यांबरोबर त्यांची मुले आली. या मुलांपाशी मला पुन्हा यायचे आहे.

'राष्ट्रीय कार्यक्रम' हे शब्द कागदावर मोठे भारदस्त दिसतात. वाटते, दिल्लीत कुठे तरी नगारे वाजत असतील. प्रत्यक्ष कोल्हारात पोचेपर्यंत हा राष्ट्रीय कार्यक्रम एका खांद्यावर मावेल एवढा होई. बर्फाच्या थैल्या घातलेली एक शीतपेटी, लशीच्या काही बाटल्या, शाईचे एक पेन आणि खडूचे दोन तुकडे! पोलिओची मोहीम आपल्याकडे देशभर १९९५ पासून सुरू झाली. एका ठरल्या रविवारी गावोगाव बूथ मांडायचे, पाच वर्षांखालच्या झाडून साऱ्या मुलांना दोन-दोन थेंब पाजायचे आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायची. पुढचे काही दिवस घरोघर फिरून राहिलेली मुले शोधायची. ज्या घरातली सगळी मुले झाली त्या घराच्या भिंतीवर खडूने 'पी' लिहायचे. मूल राहिले असेल किंवा दाराला कुलूप असेल तर 'एक्स'. सेविका पुढे जात आणि त्यांच्या मागून मी. 'पी' लिहिलेल्या घरात शिरून पोरांच्या करंगळ्या पाहायच्या आणि 'एक्स' लिहिलेल्या घराकडे पुन्हा पुन्हा जायचे, ही माझी देखरेख. पाटलाचा वाडा असो की झोपडी, भिंतीवर अक्षर तेच. गावात इतकी समान वागणूक मी दुसऱ्या कशाची पाहिली नाही.

पहिल्या-पहिल्या वर्षांतली एक आठवण आहे. देवळाजवळच्या बूथवर एक म्हातारी नातवाला काखेत घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर देवीचे खोल वण होते. मांडीवरच्या पोराचे गाल दाबून तिनेच त्याचे तोंड उघडले आणि म्हणाली, "पाजा बाई. माझ्या वक्ताला हे असतं, तर माझं तोंड असं राहिलं नसतं." माझ्याबरोबरची तरुण सेविका मागाहून मला विचारते, "बाई, आजींना काय झालं होतं? भाजलं होतं का?"

क्षणभर मी चकितच झाले. मग लक्षात आले की चूक तिची नव्हती. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. १९८० मध्ये साऱ्या जगातूनच देवी गेल्याचे जाहीर झाले. ही मुलगी त्यानंतर वाढलेली. 'देवी येणे', 'देवी काढणे', 'देवी डॉक्टर' हे शब्द आमच्या लहानपणी घरोघर होते. देवी डॉक्टर आला म्हटले की आम्ही पोरे माळ्यावर नाही तर गोठ्यात दडून बसत असू. आता 'देवी' म्हटले की कोल्हारच्या माणसाला भगवतीच आठवते, आणि हे किती चांगले झाले! नारूचेही तेच. विहिरीच्या पायऱ्या उतरून माणसे पाण्यात पाय बुडवीत, तेच पाणी पीत, आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येई. त्याला औषध नव्हते, लसही नव्हती. पाणी फडक्याने गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, एवढेच सांगत माणसे दारोदार हिंडली. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला. रोग गेला की त्याचे नाव जाते, आणि रोगाचे नाव गेले की तो ज्यांनी घालवला त्यांची आठवणही जाते. रोग येऊ न देणाऱ्या कामाला मिळणारे बक्षीस बहुधा असेच असते.

पण विसरणे जगाला परवडते, देखरेख करणाऱ्याला परवडत नाही. पोलिओचा विषाणू मोठा कावेबाज. तो ज्या मुलांच्या पोटात शिरतो त्यांतल्या दोनशेंत एखादेच लुळे पडते. बाकीची खेळत असतात, आणि त्यांच्या शौचावाटे तो पाण्यात, मातीत, दुसऱ्या मुलांत जातो. म्हणजे जे मूल धडधाकट दिसते तेच त्याला गावोगाव फिरवीत असते. म्हणून शंभरांतली नव्व्याण्णव झाली यात समाधान मानायचे नाही. जे राहिले त्याचाच विचार करायचा.

आणि राहिलेले मूल नेमके यादीत नसते! आमच्या याद्या गावातल्या मुलांवरून केलेल्या. मोहीम येई ती बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, उसाचा हंगाम ऐन भरात असताना. पाथर्डीकडची, बीडकडची माणसे दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन टोळ्यांनी इकडे येत. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसांची मोजणी हत्यारावर. मग मुलांना कोण मोजणार? त्यांच्या गावच्या यादीत मूल 'बाहेरगावी' असे आणि आमच्या यादीत मुळात नसेच. आम्ही त्यांना थेंब पाजले की आमचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर जाई. शंभरातली शंभराहून जास्त मुले झाली, हे पाहून कागद वाचणारे हसत. मला त्या हसण्याचे काही वाटत नसे. वाटे, जिथे आकडा शंभराच्या वर गेला आहे, तिथे कुणी तरी रस्ता सोडून उसात शिरले आहे.

२००० नंतरच्या एका जानेवारीत काय झाले ते सांगते. आमच्या एका सेविकेच्या कागदावर फडाकडच्या एका कोपीपुढे तिन्ही दिवस 'एक्स' होता. ती दिवसा जाई तेव्हा कोपी रिकामी. संध्याकाळच्या सभेला वरून एक साहेब आले होते. कागद पाहून म्हणाले, "एका घरासाठी कशाला अडता? 'पी' करून टाका आणि मोकळ्या व्हा." बाई कमी बोलणारी, साहेबापुढे मान वर न करणारी. पण ती म्हणाली, "साहेब, मी खडूनं लिहीन तसं. पण पोराच्या करंगळीवर शाई कुठनं आणू?"

सभेत कुणी काही बोलेना. मी म्हटले, "साहेब, 'एक्स' राहू द्या. उद्या पहाटे आम्ही दोघी जाऊन येतो." साहेबांनी कागद परत दिला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याही वर कुणी आकडा मागणारे होतेच. पण त्या रात्री मला देखरेखीचा खरा अर्थ उमगला असे वाटते. सेविका खोटे लिहीत नाही ना, एवढेच पाहून भागत नाही. खरे लिहिण्याची तिला भीती वाटू नये, हे पाहायचे. भिंतीवरच्या सगळ्या अक्षरांत 'एक्स' हेच मोलाचे अक्षर. ते जिथे लिहायला माणसे भितात तिथे रोग निर्धास्त राहतो.

पहाटे निघालो तेव्हा थंडी मी म्हणत होती. पाटाच्या कडेने दव पडलेल्या गवतातून चालत फडापाशी गेलो, तर कोयते केव्हाच उसात शिरलेले. बाभळीला झोळी बांधलेली, तीत एक मूल झोपलेले, आणि झोळीशी आठ-नऊ वर्षांची त्याची बहीण दोरी ओढीत बसलेली. आम्ही एका मुलासाठी आलो होतो. शेकोटीजवळ, गाडीखाली, वाढ्यांच्या पेंढ्यांआड अशी आणखी सहा निघाली. त्यांतल्या एकाच्या आईने फडातूनच ओरडून सांगितले, "लेकरू तापलंय, बाई, नको." मग सेविका कापलेल्या उसाच्या खुंटांवरून तिच्यापर्यंत गेली आणि पाच-सात मिनिटे काय बोलली कोण जाणे, आई कोयता खाली ठेवून स्वतः आली. सात मुलांचे तोंड उघडले, सात करंगळ्यांना शाई लागली. बाटलीवरची खूणही मी पाहून घेतली होती. वर्तुळातला चौकोन वर्तुळाहून फिका असेल तरच लस चांगली. एवढ्या बर्फाच्या थंडीत तो काळवंडणार नव्हता, पण सवय ती सवय.

मग त्या दोरी ओढणाऱ्या मुलीने आपला डावा हात पुढे केला. "मला बी लावा की."

ती पाच वर्षांवरची. तिला थेंब नव्हते, म्हणून शाईही नव्हती. शाई ही खूण आहे, दागिना नव्हे. लावून चालले नसते. मी तसे सांगितले आणि तिने हात मागे घेतला. हट्ट नाही, रडणे नाही. ज्यांना नेहमी 'नाही' ऐकायची सवय असते ती मुले रडत नाहीत. माझ्या पेटीत तिच्यासाठी काहीसुद्धा नव्हते. भावाचे पाय आम्ही वाचवले खरे. पण ते पाय धड राहिले म्हणून पुढे ते कुठे जाणार? हंगामात शाळा सुटलेली, दूध नाही, पाणी पाटाचे. परतताना आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. मग सेविकाच म्हणाली, "बाई, शाळेच्या गुरुजींना सांगून बघू का? दुपारपुरतं तरी बसू देतील." हे तिच्या कामाच्या कागदात कुठेच लिहिलेले नव्हते.

आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. तिथे डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली येऊन राहिले. डॉक्टर म्हणून आले, पण लोकांना आधी हवे होते पाणी आणि अन्न. तेव्हा त्यांनी आरोग्याचे काम तिथूनच सुरू केले. गावाने निवडलेल्या बायका, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि दलित, शिकून आपल्या गावाच्या आरोग्य सेविका झाल्या. १९७८ साली अल्मा-आटा येथे जगातल्या देशांनी सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा काढला, त्याच्या आधीच आमच्या दुष्काळी तालुक्यात त्याचा धडा गिरवला जात होता. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर गावोगाव 'आशा' नेमल्या जाऊ लागल्या, त्या मला या बायकांच्या धाकट्या बहिणीच वाटतात. शीतपेटीत लस मावते. निरोगीपणा मावत नाही. तो पाण्यातून, भाकरीतून, शाळेतून आणि दाराशी येऊन "बाळ कसं आहे?" विचारणाऱ्या बाईच्या तोंडून येतो.

भारतातला मूळ, जंगली विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये, हावडा जिल्ह्यात सापडला. दोन वर्षांच्याही आतली एक मुलगी. २७ मार्च २०१४ ला आपल्या देशाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. त्या दिवशी कोल्हारात काहीही घडले नाही. एस.टी. आली, गेली, देवळात आरती झाली. ज्या बायकांनी वर्षानुवर्षे हा देश एकेका करंगळीने मोजला, त्या नेहमीप्रमाणे घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्या. मी त्यांच्यातल्या चौघींना भजी करून खायला घातली. एवढाच आमचा समारंभ.

दरवर्षी दिवाळीच्या आधी गावात घरे सारवली जातात, भिंतींना चुना-रंग लागतो. जानेवारीत काढलेल्या खडूच्या खुणा पावसाने निम्म्या धुऊन नेलेल्या असतात. उरल्यासुरल्या या रंगाखाली जातात. पूर्वी मला ते पाहून उगीच चुटपुट लागे. आता लागत नाही. लख्ख भिंतीपुढे रांगोळी असते, आणि पोरे त्या रांगोळीवरूनच धावतात म्हणून आया ओरडत असतात. त्या ओरडण्यात आमच्या नोकरीचा सगळा हिशेब जमा आहे. तुमच्या दाराशी यंदा कुणी शीतपेटी घेऊन आली, तर तिला आत बोलवा, पाणी विचारा, फराळाची बशी पुढे करा. ती काय घडू देत नाही आहे, ते तिला सांगता येणार नाही. आणि ते तुम्हांला कधी कळू नये, हीच तिची इच्छा आहे.