घोडं पेंड खातं बी-१२पाशी

बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी गर्द पिवळी होते. गोळीतलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, शरीर गरजेपुरतं ठेवून घेतं आणि उरलेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात, त्याचा तो रंग. यावरून आपण एक सोयीचा समज करून घेतला आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, म्हणजे 'ब' गट आणि 'क', कितीही घ्या. जास्त झालं ते वाहून जाईल. रक्ताच्या स्लाइड बघण्यात आयुष्य चाललेल्या माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टला हे पटत नाही. बी-६ चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर हातापायांच्या नसा बिघडतात. बी-१२ पाण्यात विरघळत असूनही यकृतात काही वर्षं पुरेल एवढं साठून राहतं. फोलेटचा साठा मात्र तीन-चार महिन्यांत तळाला जातो. फोलेट आणि बी-१२ यांचं एकमेकांवाचून चालत नाही, आणि आपण मात्र एकाचाच घोष करत आलो, ही माझी तक्रार आहे.

फोलेटच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतली. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर भारतात आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागली. गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा ॲनिमिया तिला समजून घ्यायचा होता. गरीब घरांतल्या, कापडगिरण्यांशी पोट बांधलेल्या बायकांमध्ये तो जास्त दिसायचा. त्यांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार कमी. विल्सने जंतूंचा संशय घेऊन पाहिला, मग त्या बायका काय जेवतात ते पाहिलं आणि तसंच अन्न उंदरांना घातलं. तिथे गोंधळ झाला, कारण उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू पसरत होता आणि त्यानेही रक्त उतरत होतं. मग माकडं आणली. तसल्याच निकस अन्नावर त्यांना ॲनिमिया झाला आणि मार्माइट दिल्यावर तो बरा झाला. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. औषधाच्या दुकानात नव्हे, वाण्याकडे मिळणाऱ्या या वस्तूने मुंबईतल्या बायका चार-सहा दिवसांत तरतरीत होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं.

यातला खरा कळीचा मुद्दा पुढे कळला. तेव्हा 'पर्निशस ॲनिमिया' या दुखण्यावर यकृताचा अर्क द्यायचे. मुंबईच्या रुग्णांना साधा, कच्चा अर्क लागू पडे. पण तोच शुद्ध करून दिला तर पडत नसे. म्हणजे यकृतात एक नाही, दोन वेगळे घटक होते आणि शुद्ध करताना त्यातला एक गळून जात होता. गळणारा तो फोलेट. अमेरिकेत १९४१ साली चार टन पालकातून तो वेगळा काढला गेला. पुढे चार वर्षांनी लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. अर्कात राहणारा दुसरा घटक, बी-१२, १९४८ मध्ये लालभडक स्फटिकांच्या रूपात हाती आला. लाल, कारण त्याच्या पोटात कोबाल्ट असतो.

पेशीला दोन व्हायचं तर आधी डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि तिच्यासाठी फोलेट लागतं. रक्तात फिरणारं फोलेट मिथाइल फोलेटच्या रूपात असतं. त्याच्यावरचा मिथाइल गट उतरवून घेतल्याशिवाय ते कामाला येत नाही आणि हे उतरवण्याचं काम बी-१२ शिवाय होत नाही. बँकेत पैसे आहेत, पण चेकवर सही करणारा साहेब रजेवर, अशी गत. मग अस्थिमज्जेतल्या पेशी वाढतात, फुगतात, पण दुभंगत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली अंडाकृती, थोराड तांबड्या पेशी दिसतात. शेजारच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला एरवी तीन-चार खंड असायचे, तिथे सहा-सात. तो एक न्यूट्रोफिल सापडला की मला बाकीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागत नाही.

आता आपल्याकडची गंमत. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तांबड्या पेशींचा सरासरी आकार. तो शंभराच्या वर गेला की डॉक्टरांना बी-१२ आठवतं. पण आपल्या बायकांच्या अंगात लोहही कमी असतं आणि लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात. बारीक आणि थोराड अशा दोन झुंडी एकाच रक्तात, आणि मशीन दोन्हींची सरासरी काढून ८८ छापतं. ८८ म्हणजे नॉर्मल! कागद बघणाऱ्याची फसगत होते. स्लाइड नीट बघणारा फसत नाही. (स्लाइड बघायला मात्र आता कोणाला वेळ नसतो, तो भाग वेगळा.) रुग्णाकडे नीट बघितलं तरी पुष्कळ कळतं. जीभ गुळगुळीत आणि लालबुंद. बोटांच्या सांध्यांवरची कातडी शाई लागल्यासारखी काळपट.

बी-१२ कमी असताना फक्त फोलिक ॲसिड भरपूर दिलं तर काय होतं? त्या तयार गोळीतलं फोलिक मिथाइलच्या अडचणीला वळसा घालून कामाला लागतं. रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन चढतं, सगळे खूश. मज्जारज्जूचं मात्र भलं होत नाही, कारण नसांना जे हवं ते फोलेट देऊ शकत नाही. तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. रक्त सुधारलेलं असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र क्वचित. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. पुढे मधुमेह होण्याची ती वाट. त्यांच्याच दुसऱ्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. गरिबीचा रोग म्हणून ज्याकडे बघायचं, तो सदाशिव पेठेतही तेवढाच घर करून आहे म्हणायचा.

कारण उघड आहे. बी-१२ फक्त जिवाणू बनवतात. मेथी, पालक, अळू, मटकी, हरभरा यांत फोलेट मुबलक, बी-१२ शून्य. (भाजीचं पाणी फेकून देऊ नका, एवढं मात्र सांगते, फोलेट त्या पाण्याबरोबरच मोरीत जातं.) स्पिरुलिनातलं म्हणून जे खपवतात ते बरंचसं शरीराला निरुपयोगी. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. कोकणातल्या तिसऱ्या किंवा कलेजी असेल तर प्रश्नच नाही. शाकाहाऱ्याचा आधार दूध, आणि त्यात १०० मिलिलिटरला साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. चहातल्या दोन चमच्यांवर दूध पितो म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. शिवाय आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, म्हणून दही-ताक-दूध दिवसभरात विभागून घेतलेलं बरं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी 'गॅसची' म्हणून घेतलेली गोळी, दोन्हींनी शोषण आणखी कमी होतं. पंधराशे मायक्रोग्रॅमच्या गोळीतूनही जेमतेम एक टक्का आत जातो, पण तेवढंही पुरतं. थकवा आला की उठसूट लाल इंजेक्शन टोचून घेणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

फोलिकचं महत्त्व मी कमी करत नाही. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत मिटते. त्या काळात फोलेट कमी पडलं तर मणक्यात व्यंग राहू शकतं. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत, आधी असं मूल झालेल्या बायकांना फोलिक दिल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत ते चार आठवडे उलटून गेलेले असतात. तेव्हा फोलिक लग्नानंतर लगेच सुरू व्हावं, असं माझं म्हणणं आहे.

पण आरोग्य केंद्रातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ येऊ लागला तेव्हा त्यात लोह, फोलिक आणि बी-१२ तिन्ही घातले गेले, ही चांगली गोष्ट. पण 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बायका त्यात मिसळलेले वेगळे दिसणारे दाणे सुपातून वेचून टाकत. टाकले नसते तरी किलोभर तांदळात बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅमच. तेवढ्यावर भागत नाही. पुण्याच्या त्याच संशोधकांनी पुढे खेड्यांतल्या तरुण मुलामुलींना, लग्नाच्या आधीपासून, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं. अर्धा लिटर दुधात असतं तेवढंच. लाल गोळीत एवढं घालायला जागाही लागत नाही आणि फारसा पैसाही.