भिंतीवरील पृथ्वी

आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीची शाळा दीर्घ आजारामुळें सुटली, तेव्हां ती चौदा वर्षांची होती. पुढें सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस बाहेरून बसावयाचें असें घरांत ठरलें. गणित व इंग्रजी तिच्या आईकडे गेलें. संस्कृत व भूगोल आमच्या वांट्यास आले. तीस वर्षें शाळेंत हेच विषय शिकविले असल्यामुळें एका मुलीस शिकविणें तें कितीसें मोठें काम, अशा समजुतींत आम्ही होतों.

पहिले कांहीं महिने ती समजूत टिकली. भिंतीवर जगाचा नकाशा. आम्हीं छडीनें नदी दाखवावी, तिनें नांव सांगावें. अशांत २०२३ सालच्या जून महिन्यांत तिची आत्या मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोस परत गेली, आणि पोंचल्यावर फोनवर म्हणाली कीं, वाटेंत कित्येक तास खिडकीखालीं बर्फच बर्फ होतें. दुसऱ्या दिवशीं मुलीनें नकाशावर मुंबईपासून पट्टी धरली. ती अरबस्तान, सहारा व अटलांटिक महासागर यांवरून अमेरिकेंत शिरली.

“आजोबा, या वाटेवर बर्फ कोठें आहे?”

“आत्या झोपेंत असेल,” आम्ही म्हणालों. “अमेरिकेस जाणाऱ्या विमानाचें ध्रुवाकडे काय काम?”

शाळेंत विषय एवढ्यावर संपला असता. साठ मुलांच्या वर्गांत मास्तरांचें वाक्य पुन्हां उकरून काढण्याची छाती कोणास होणार? येथें हंसणारें कोणी नव्हतें. तिनें माळ्यावरचा पृथ्वीगोल खालीं काढला, दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर आमच्याच बोटाखालीं दाबावयास लाविलें आणि दुसरें ताणून सॅन फ्रान्सिस्कोवर नेलें. दोरा घसरत घसरत उत्तरेकडे सरकला व सैबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा ध्रुवापासून जेमतेम दोन बोटांवर स्थिर झाला.

मग मोजमाप. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारें ९४. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर. तेव्हां एका सेंटिमीटरास ४२५ किलोमीटर. ताणलेला दोरा ३२ सेंटिमीटर भरला, म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटरांच्या आसपास. पट्टीनें दाखविलेल्या ठिकाणांवरून दोरा नेला तर तो ४५ भरला. एकोणीस हजारांहून अधिक! तिनेंच पुढें शोधून सांगितलें कीं, २०२१ च्या जानेवारींत कॅप्टन झोया अग्रवाल व त्यांच्या सहकारी स्त्री-वैमानिकांनीं सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूस विमान आणिलें, तें उत्तर ध्रुवावरूनच.

आमचा नकाशा मर्केटर पद्धतीचा. १५६९ सालीं तो खलाशांच्या सोयीसाठीं निघाला. होकायंत्रावर एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेषेंत दिसते. पण संत्र्याची साल पाटावर सपाट करूं गेल्यास फाटते. फाटूं द्यावयाची नसेल तर कोठें तरी ताणावी लागते, आणि मर्केटरनें ती ध्रुवांकडे ताणली. म्हणून ग्रीनलंड त्यावर आपल्या देशाहून कितीतरी मोठें दिसतें. वास्तविक भारत सुमारें ३३ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २२ लाखांच्या आंत.

आम्हांस खरें लागलें तें निराळेंच. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत सांगून ठेविलें आहे कीं, परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, आणि माणूस तर पृथ्वीपुढें अगदींच लहान. म्हणून त्यास ती सपाट वाटते. तो श्लोक आम्ही संस्कृतच्या तासास मुलांकडून घोकवून घेत होतों, आणि लगेच पुढच्या तासास भूगोलासाठीं सपाट नकाशा टांगीत होतों. मधल्या पांच मिनिटांत तो श्लोक कोठें जात असे कोण जाणे! शाळेचा पृथ्वीगोल कपाटावर फडक्याखालीं असे. तपासणीच्या दिवशीं तेवढा पुसून टेबलावर येई. तीस वर्षांत किती मुलें त्या नकाशाखालून गेलीं, त्यांस आतां कोठें गांठावें?

मुलीस आम्हीं त्याच संध्याकाळीं सांगितलें, “बाळ, आत्या जागी होती. चूक आमची.” ती हंसली नाहीं. तिनें वहींत ३२ आणि ४५ हे आंकडे तेवढे लिहून ठेविले.

दिवाळीस आत्या येणार असें कळलें तेव्हां तिनें विचारिलें, “आजोबा, उंचावरचा वारा पश्चिमेकडून वाहतो ना? मग येतांना विमान याच वाटेनें येईल का?”

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. आधीं गोल खालीं काढला.