पुनरुत्थानाचा सण आणि मंडळी

दुःख एकट्याने सोसता येते, आनंदाला मात्र सोबत लागते, ही गोष्ट मला पुस्तकाने शिकविली नाही. ती ख्रिस्ती मंडळीच्या पुनरुत्थानदिनाने, म्हणजे ईस्टरने शिकविली. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावी मी शिक्षकाच्या नोकरीवर असताना तेथे आमचे ख्रिस्ती घर एकटेच होते. गावाने आम्हांस कधी परके मानले नाही. शेजारच्या घरून पुरणपोळीचे ताट आल्यावाचून आमचा एकही पाडवा गेला नाही. तथापि उपासनेला जमावे अशी मंडळी जवळपास नसल्यामुळे उपवासकाळाचे ४० दिवस आम्ही घरीच प्रार्थनेत घालवीत असू, आणि शुभ शुक्रवारी दुपारी दार लोटून घेऊन प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त मोठ्याने वाचीत असू.

एका वर्षी मुलाच्या आजारपणामुळे ईस्टरही घरीच करावा लागला. शुक्रवारची उपासना नेहमीसारखीच हृदय हेलावून गेली. तिला कशाची उणीव भासली नाही. रविवारी पहाटे मात्र पत्नीने प्रभू उठल्याची वार्ता प्रथेप्रमाणे मला सांगितली, मी ‘खरोखर’ असे म्हणून तिला दुजोरा दिला, आणि त्यानंतर ती वार्ता सांगावी असे तिसरे माणूसच नसल्यामुळे आम्ही दोघेही स्तब्ध बसून राहिलो. पुढल्या वर्षापासून काही झाले तरी हा सण मंडळीतच करावयाचा, असा आम्ही निश्चय केला.

त्यासाठी आम्ही जात असू ते दौंड तालुक्यातील केडगावला. शनिवारची सकाळची शाळा आटोपली की मलठणवरून शिरूर, तेथून न्हावऱ्याच्या रस्त्याने भीमा ओलांडून केडगाव असा तो प्रवास असे. कांद्याच्या काढणीचे दिवस असल्यामुळे वाटेवर शेतोशेती कांद्याचे ढीग पडलेले असत. केडगाव हे पंडिता रमाबाईंचे गाव. ज्या बाईचे आईवडील दुष्काळाने हिरावून नेले, मागाहून जिचा भाऊ श्रीनिवास गेला, आणि विवाहाला दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, १८८२ साली, तान्ही मनोरमा ओटीत असता जिच्या पतीनेही इहलोक सोडला, तिने पुढे याच माळरानावर मुक्तिसदन उभे केले. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुलींना तेथे अन्न, अक्षर आणि हाताला उद्योग दिला. एकटेपण म्हणजे काय हे जिने पुरेपूर भोगले होते, तिने आपल्या अंगणात कोणालाही एकटे राहू दिले नाही.

ईस्टरच्या पहाटे अंधार असतानाच प्रभातफेरी निघे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी हा सण पडत असल्यामुळे वद्य पक्षातला चंद्र पश्चिमेकडे अद्याप रेंगाळत असे, आणि त्या चांदण्यात मेणबत्त्या घेतलेल्या बायका, मुले, म्हातारेकोतारे पेटी-झांजांच्या साथीवर गात वस्तीतून चालत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीचा सूर आमच्या उपासनेत रुजविला, त्यामुळे हा आनंद आम्हांस अगदी घरच्या भाषेत गाता येतो. फेरीतील लोक दारोदार थांबून वार्ता सांगत, आतून दुजोरा येई, आणि त्या घरातील माणसे चपला पायांत सरकवून फेरीत सामील होत.

आम्ही ज्यांच्या घरी उतरत असू त्या वृद्ध बाईंना सारी वस्ती अक्का म्हणे. त्या जन्मांध होत्या. मनोरमाबाईंनी अंध मुलींसाठी ब्रेल लिपीच्या शिक्षणाचा जो पाया घातला, त्याचेच पुण्य अक्कांपर्यंत पोहोचले होते. फेरीहून परतल्यावर त्या योहानाचे शुभवर्तमान मांडीवर घेत, पदराच्या टोकाने बोटे पुसत, आणि उजव्या हाताची तर्जनी जाड कागदावरच्या उंचवट्यांवरून सावकाश फिरवीत थोमाची कथा वाचीत. प्रभू प्रथम शिष्यांना दिसला तेव्हा थोमा त्यांच्यात हजर नव्हता, म्हणून घावांवर बोट ठेवल्यावाचून विश्वास धरणार नाही असे तो म्हणाला. आणि आठ दिवसांनी तो मंडळीत बसलेला असतानाच प्रभू त्याच्यापुढे उभा राहिला. ती ओळ आली की अक्कांचे बोट थांबे. “गुरुजी,” त्या म्हणत, “थोमाला लोक संशयी म्हणतात, पण तो चुकला होता फक्त बैठकीला. तो परत येऊन बसला, हे पाहा.”

या कथेवर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत, परंतु बोटाने पाहणाऱ्या त्या बाईने लावलेला अर्थच माझ्या मनात कायमचा ठसला. कबरेपाशी मरियेला प्रभूने आज्ञा केली तीही जाऊन भावांना सांगण्याची. ती वार्ता मनात जपून ठेवण्यासाठी दिलेलीच नव्हती.

उपासनेत प्रभुभोजन झाल्यावर प्रीतिभोजनाची पंगत बसे. वर्षभर अबोला धरलेले दोघे भाऊ एका वर्षी त्या पंगतीत शेजारी बसले. धाकट्याने थोरल्याच्या पत्रावळीवर भात वाढला, थोरल्याने “पुरे” म्हणून हात आडवा धरला, आणि तेवढ्या एका शब्दाने अबोला संपला. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत उतरविले, जे मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले, तेही अशाच साध्या माणसांच्या हाती पडावे म्हणून. कन्या मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाईही गेल्या. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. मायलेकींच्या मागे पोरक्या झालेल्या त्या मंडळीपुढे पुनरुत्थानाची वार्ता अवघ्या अकरा दिवसांनी उभी राहिली. ज्या श्रद्धेच्या बळावर ही वस्ती वसली होती तिची याहून कठीण परीक्षा कोणती असेल, मला ठाऊक नाही.

आजही तालुक्या-तालुक्यांतून नोकरीनिमित्त विखुरलेली ख्रिस्ती घरे आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचा ईस्टर आमच्या त्या एका वर्षासारखा जातो. शहरांतील मंडळ्यांना माझी विनंती एवढीच की अशा घरांची यादी पाळकांच्या दप्तरी असू द्यावी, झावळ्यांच्या रविवारापूर्वी प्रत्येक घरी आपले माणूस पाठवून बोलावणे करावे, आणि मुक्कामाचा बंदोबस्त आपल्याच घरी करावा.